मोरीपलीकडचं रान: येऊर ते तुंगारेश्वर भ्रमणमार्गाचं एक प्रकरण

ठाण्याहून घोडबंदरच्या दिशेने निघालं की गायमुखनंतर डाव्या हाताला डोंगर अंगावर येतो आणि उजव्या हाताला खाली खाडी दिसत राहते. या घाटात रस्त्याखालून ठिकठिकाणी मोऱ्या काढल्या आहेत. गाडीतून त्या दिसत नाहीत. दिसतो तो फक्त बुटका कठडा, त्यावर चुन्याने रंगवलेला क्रमांक आणि कठड्याला टेकून ठेवलेली एखाद्या ट्रेलरवाल्याची पाण्याची कॅन. मी स्थापत्य अभियंता आहे. आयुष्याची बरीच वर्षं मी रस्त्यांच्या पाणी-निचऱ्याची आखणी केली, म्हणजे अशाच मोऱ्या मोजल्या. डोंगरावरून किती पाणी येईल, मोरीतून किती जाईल आणि पंचवीस किंवा पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर तिला झेपेल का, एवढेच प्रश्न मी त्या मोरीला विचारत आले. तिच्यातून आणखी कोणी ये-जा करतं का, हे मी विचारलं नाही. मला तसं कोणी विचारायला सांगितलंही नव्हतं.

या लेखातलं प्रकरण त्या न विचारलेल्या प्रश्नाचं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊर-चेणे भाग आणि वसई तालुक्यातलं तुंगारेश्वर अभयारण्य यांच्यामधला तुटलेला वन्यजीव भ्रमणमार्ग जोडायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी? मला सापडलेलं उत्तर फार मोठं नाही. या मार्गावर पहिली फावडी जिथे पडायला हवीत ती जागा रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या दोन तोंडांशी आहे, असं माझं मत झालं आहे. ते कसं झालं, ते सविस्तर मांडते.

बेटावरचं जंगल

ठाणे-मुंबईत राहणाऱ्या माणसाला आपण बेटावर राहतो याची आठवण क्वचितच होते. साष्टी हे बेट आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी. त्यावर मुंबईची उपनगरं, मीरा-भाईंदर आणि ठाणे शहराचा मोठा भाग वसला आहे, आणि या सगळ्याच्या मधोमध सुमारे 104 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. एवढी माणसं चारही बाजूंनी दाटलेली असताना आत बिबट्या, सांबर, चितळ, भेकर, पिसोरी, साळिंदर टिकून आहेत, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

नकाशा नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. उद्यान सलग नाही. त्याचा उत्तरेचा तुकडा, ज्याला वनखातं नागला ब्लॉक म्हणतं, खाडीच्या पलीकडे आहे. म्हणजे एकाच राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग बेटावर आणि छोटा भाग मुख्य भूमीवर. घोडबंदर रस्त्यावरच्या नागला बंदराशी उभं राहिलं की समोरच्या काठावर तो डोंगर दिसतो. नागल्याच्या पलीकडे कामणचा पट्टा लागतो. तिथून वसई रोड-दिवा रेल्वेमार्ग जातो, मालवाहतुकीचा समर्पित लोहमार्ग जातो आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता जातो. तो पट्टा ओलांडला की तुंगारेश्वर. 2003 मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे 85 चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या पूर्वेला तानसा, आणि पुढे सह्याद्री.

म्हणजे येऊरच्या बिबट्याला सह्याद्रीकडे जायचं तर आधी घोडबंदर रस्ता, मग खाडी, मग लोहमार्ग, मग भिवंडीचा रस्ता. आणि प्रशासनाच्या नकाशावर बघायचं तर चेणे ठाणे जिल्ह्यात येतं आणि नागला पालघरमध्ये. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून एका भ्रमणमार्गासाठी दोन जिल्हाधिकारी, तीन महापालिका, सार्वजनिक बांधकाम खातं, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), रेल्वे आणि वनखातं यांच्या फाइली हलाव्या लागतात. खाडीकाठ आला की किनारा नियमन क्षेत्राचे नियम आले, तिवरं आली की उच्च न्यायालयाची परवानगी आली. मी याला अडथळा म्हणत नाही. याच नियमांमुळे तिवरं आज उभी आहेत. पण भ्रमणमार्ग अखंड असा कुणाच्याच टेबलावर येत नाही, तुकड्यांनी येतो, एवढं मात्र खरं.

वाट आहे, याचा पुरावा

"इथून जनावरं जातात तरी का?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्याचं सर्वांत स्पष्ट उत्तर एका बिबट्याने दिलं आहे. 2009 साली अहमदनगर जिल्ह्यात, टाकळी ढोकेश्वर भागात, विहिरीत पडलेला एक नर बिबट्या बाहेर काढला गेला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात त्याला जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा. तो साधारण 120 किलोमीटर चालला. महामार्ग ओलांडले, कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडला, वसईच्या बाजूला आला, खाडी पोहला आणि मुंबईच्या या उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. 2011 मध्ये रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेत तो मेला.

आजोबाच्या या प्रवासाचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं लक्ष त्याच्या धाडसापेक्षा त्याच्या हिशेबाकडे गेलं. तो कुठूनही सुटत नव्हता. झाडी, ओढा, डोंगराची सोंड, पुन्हा ओढा असं धरत तो पुढे सरकत होता. पाण्याच्या वाटा धरून. माझ्या व्यवसायात आम्ही हेच काम करतो.

2021 मध्ये वनखातं आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया यांनी उद्यानातल्या काही बिबट्यांना रेडिओ कॉलर लावल्या. सावित्री, महाराजा अशी त्यांची नावं वर्तमानपत्रांतून ठाणेकरांना पाठ झाली. हे बिबटे वर्दळीचे रस्ते ओलांडतात हे त्यातून पुन्हा दिसलं. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, मोजणीत 2015 साली उद्यान परिसरात 35 बिबटे ओळखले गेले होते, आणि 2024 मध्ये उद्यान आणि तुंगारेश्वर मिळून 54. या दोन आकड्यांची वजाबाकी करून "बिबटे वाढले" असं लोक लिहितात, ते बरोबर नाही. दोन्ही वेळचं क्षेत्र वेगळं होतं. पण इतक्या छोट्या जागेत बिबट्यांची घनता फार मोठी आहे, आणि तरुण नरांना बाहेर पडायला वाट हवी आहे, एवढं त्यातून निश्चित कळतं.

बिबट्या उचलून दुसरीकडे सोडणं हा त्यावरचा उपाय नाही. ते आपण करून पाहिलं आहे. जुन्नर भागात 2001 नंतर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले आणि अत्रेय यांच्या संशोधनाने दाखवलं की सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. 2004 साली या उद्यानाच्या कडेला झालेल्या मृत्यूंची आठवण ठाणे, मुलुंड, भांडुपमध्ये अजून आहे. जनावराने स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला जायचं, यासाठी वाट राखणं हाच माणसालाही सुरक्षित मार्ग आहे.

शिकारी जातो, भक्ष्य अडतं

आता माझ्या विषयाकडे येते, कारण इथे मला काही सांगण्यासारखं आहे.

मोरी आखताना अभियंता तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ बघतो. जनावर तिच्यातून पलीकडचा उजेड बघतं. तोंड लहान आणि मोरी लांब असेल तर पलीकडे अंधार दिसतो आणि हरिणवर्गातलं जनावर पाऊल टाकत नाही. हे मोजण्याची एक साधी रीत आहे: उंची गुणिले रुंदी, भागिले लांबी. त्याला उघडेपणाचं प्रमाण म्हणू. अमेरिकेत म्युल जातीच्या हरणांवर 1970 च्या दशकात झालेल्या कामातून 0.6 हा ठोकताळा आला. आपलं भेकर आणि सांबर म्हणजे म्युल हरीण नव्हे, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा चालणार नाही. पण दिशा कळायला तो पुरेसा आहे.

समजा, 1 मीटर व्यासाची नळाची मोरी आहे आणि रस्त्याखाली तिची लांबी 20 मीटर. तिचं प्रमाण येतं साधारण 0.04. मुंगूस, उदमांजर, कदाचित साळिंदर जाईल. बिबट्याही गरज पडली तर वाकून जाईल. भेकर नाही. आता 3 मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी चौकोनी मोरी घ्या. 20 मीटर लांबीला प्रमाण येतं 0.37 च्या आसपास. बरं आहे. पण रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंना सेवा रस्ता आला आणि तीच मोरी ओढून 35 मीटर केली, की प्रमाण 0.21 वर घसरतं. तोंडाला कोणी हातही लावलेला नाही, पाणी पूर्वीइतकंच वाहतं आहे, कागदावर सगळं ठीक आहे. जनावराच्या दृष्टीने मात्र ती मोरी जवळजवळ बुजली. 35 मीटर लांबीला 0.6 हवं असेल तर तोंड 21 चौरस मीटरचं लागतं, म्हणजे 7 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच. ती मोरी राहत नाही, छोटा पूल होतो.

हे गणित मी स्वतः पन्नाशीनंतर केलं. एका रस्त्याच्या रुंदीकरणात मी अशाच मोऱ्या लांबवल्या होत्या. रस्ता जंगलाच्या कडेने जात होता आणि माझ्या तक्त्यात "अस्तित्वातील मोरी, लांबी वाढविणे" असा एकच रकाना होता. तो मी भरला. आज तो रकाना आठवला की मला वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे तपशिलात लिहिते आहे. कुणा तरुण अभियंत्याच्या तक्त्यात आणखी एक रकाना यावा.

यातून जंगलात काय होतं ते बघा. बिबट्या रस्त्यावरूनही जातो, मोरीतूनही जातो, खाडीही पोहतो. त्याचं भक्ष्य अलीकडेच राहतं. चितळांचे कळप आणि एकेकटी फिरणारी भेकरं बेटावरच पिढ्यान् पिढ्या आपापसात वाढतात. नवं रक्त येत नाही. रोग आला किंवा एखादं वर्ष कोरडं गेलं तर बाहेरून भर पडत नाही. उलट कडेच्या वस्त्यांत कचरा वाढतो, कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि बिबट्या कुत्र्यांकडे वळतो. या उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा लक्षणीय आहे, हे अभ्यासातून पुढे आलंच आहे. भ्रमणमार्ग म्हणजे बिबट्याची वाट असं आपण धरून चालतो. बिबट्या कसाही जाईल. मार्गाची खरी परीक्षा भेकर जातं की नाही यात आहे.

भक्ष्यासाठी मोठं तोंड काय करतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या पट्ट्यात रस्ता उंचावून नऊ भुयारी आणि पुलाखालच्या वाटा ठेवल्या आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 प्रकारच्या वन्यप्राण्यांनी त्या वापरल्याचं दिसलं, त्यात 11 वेगवेगळे वाघ होते. त्या वाटा आपसूक झाल्या नाहीत. त्यामागे न्यायालयांतली वर्षांनुवर्षांची भांडणं आहेत. पण रस्ताही झाला आणि वाघही जातो आहे.

बेटावरचं उदाहरण हवं तर सिंगापूरकडे बघावं. तिथे 1986 मध्ये बुकित तिमाह द्रुतगती मार्गाने एक उष्णकटिबंधीय जंगल दोन भागांत कापलं. खवले मांजरं रस्त्यावर मरू लागली. 2013 मध्ये त्या रस्त्यावर 62 मीटर लांबीचा, मध्ये सर्वांत अरुंद जागीही 50 मीटर रुंद असलेला मातीचा पूल बांधून त्यावर स्थानिक झाडं लावली. खवले मांजर, उदमांजर तो वापरतात. मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे तो पूल माणसांसाठी नाही. शहराच्या मधोमध, जमिनीची एवढी टंचाई असताना, एक हिरवा पट्टा माणसाला बंद. घोडबंदरला असा पूल व्हावा असं मलाही वाटतं. पण तो होईपर्यंत खालच्या मोऱ्या बुजू देणं परवडणार नाही.

चेणे नदीचा पूल

या मार्गावर देवाने, म्हणजे डोंगराने, एक मोठी वाट आधीच दिली आहे. उद्यानातून उत्तरेला वाहणारी चेणे नदी घोडबंदर रस्त्याखालून जाऊन खाडीला मिळते. तिच्यावरचा पूल हा या पट्ट्यातला सर्वांत मोठा उघडा दरवाजा. पावसाळा संपला की नदीचं पात्र एका कडेला सुकतं आणि वाळू-दगडांतून पायवाट मोकळी होते.

पावसाळ्यात तिथे रविवारी जत्रा असते. नदीत उतरणारी मंडळी, गाड्या, चुली, बाटल्या. रात्री दिवे आणि गाणी. एकदा पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या वारली बाबांशी बोलत बसले होते. मी विचारलं, "बाबा, आता वाघ इथून जातो का?" इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. ते म्हणाले, "जातो ना बाई. पन आता उशिरा जातो. मान्सा निजल्यावर. त्याला पान्याची भीती नाय, उजेडाची हाय." मग थोडं थांबून, "आनि हरना उजेडाला लयच भितात."

वारली समाजाने वाघोबाला देव मानलं आहे. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर भागांतल्या वाघोबाच्या दीडशे देवस्थानांची नोंद 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. वाघबारशीला तिथे पूजा होते. घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ नावाचं गाव आहे, आता तिथे मोठमोठे टॉवर आहेत. नाव राहिलं आहे. बाबांचं ज्ञान कुणी नकाशावर उतरवलं तर कुठल्या मोरीचं काय करायचं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कॅमेरा ट्रॅप काही आठवडे लागतो. ही माणसं चाळीस-पन्नास पावसाळे बघत आली आहेत.

चेण्याच्या पुलाखाली करायचं काम खर्चाचं नाही. सूर्यास्तानंतर नदीपात्रात माणूस नको. पुलाखाली दिवा नको, आणि पुलावरच्या दिव्यांना खाली उजेड सांडणार नाही अशी झडप हवी. दोन्ही काठांवर करंज, उंबर, जांभूळ, कळक अशी ओढ्याकाठची झाडी हवी, म्हणजे भेकराला शेवटपर्यंत आडोसा मिळतो. गिरिपुष्प आणि सुबाभूळ नको. वृक्षारोपणाच्या उत्साहात ती पटकन वाढतात म्हणून लावली जातात आणि खाली काही उगवू देत नाहीत. घाणेरीचं रान माजलं असेल तर ते मुळासकट काढावं लागतं, आणि एकदा काढून भागत नाही, लागोपाठ दोन-तीन पावसाळे मागे लागावं लागतं. उन्हाळ्यात येऊरच्या डोंगरांवर वणवे लागतात, बहुतेक माणसांनीच लावलेले. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीतच जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून सुकं गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायला हव्यात, नाहीतर तीन वर्षांची रोपं एका दुपारी जातात.

खाडी

खाडीबद्दल थोडक्यात. ती ओलांडणारं जनावर पोहून जातं, तेव्हा पाण्यात आपल्याला काही बांधायचं नाही. उतरायला आणि चढायला जागा मात्र हवी. तिवरांतला चिखल, डोंगराची खडकाळ सोंड, भरतीच्या वेळी मिळणारा किनारा, या त्याच्या पायऱ्या. काठावर सरळसोट काँक्रीटची भिंत आणि वर दिव्यांची रांग आली की पोहत आलेल्या जनावराला वर येता येत नाही. चौपाटी, फेरफटक्याचा काठ, नौका-धक्का यांचे आराखडे ठाण्यात एकामागून एक येत आहेत. लोकांना खाडीकाठ हवाच, मलाही हवा. पण नागला बंदर ते गायमुख या पट्ट्यात, जिथे दोन्ही काठांवर डोंगर समोरासमोर येतात, तिथे काठ मातीचा आणि अंधाराचा राहू द्यावा. बाकीचा काठ भरपूर आहे.

कामणच्या बाजूचा प्रश्न लोहमार्गांचा आणि गोदामांचा. तिथे मी पुरेशी हिंडलेले नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. एवढं सांगते की घोडबंदरची वाट सुधारली आणि कामणला कुंपणं वाढली, तर नागल्याचा तुकडा पिंजरा होईल. दोन्ही टोकांचं काम एकाच वेळी व्हायला हवं.

येऊ घातलेले प्रकल्प

ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम सुरू झालं आहे. 11.8 किलोमीटरच्या या मार्गाचा बहुतेक भाग उद्यानाच्या पोटातून जातो. गायमुखपासून मीरा रोडच्या शिवाजी चौकापर्यंत मेट्रो 10 आखलेली आहे. गायमुख ते फाउंटन हॉटेल असा बोगदा आणि पुढे भाईंदरकडे उन्नत मार्ग असाही प्रस्ताव होता, त्याच्या निविदा 2025 मध्ये मागे घेण्यात आल्या.

बोगदा म्हटलं की निसर्गप्रेमी मंडळी एकदम विरोधात जातात. माझं मत वेगळं आहे. उद्यानाच्या कडेच्या या घाटात जमिनीवर आणखी चार मार्गिका टाकण्यापेक्षा खोलातून नेलेला बोगदा जनावरांना कमी त्रासाचा. अट एकच, आणि ती निविदेतच असायला हवी: वाहतूक खाली गेल्यावर वरचा रस्ता रात्री मोकळा केला जाईल. जेएनपीटी बंदराहून गुजरातकडे जाणारे अवजड ट्रेलर रात्रीच घोडबंदरवरून धावतात, आणि जनावरं ओलांडतात तीही रात्रीच. ही अट नसेल तर काही वर्षांत वरचा रस्ता पुन्हा भरतो आणि जंगलाच्या वाट्याला बोगद्याची तोंडं, राडारोडा आणि वायुवीजनाचे झोत तेवढे येतात. मेट्रोच्या खांबांबद्दलही तेच. खांब मोरीच्या तोंडासमोर येणार नाही, एवढं आराखड्यातच ठरवता येतं. नंतर खांब हलत नाही.

2016 साली भारतीय वन्यजीव संस्थेने रस्ते, लोहमार्ग, वीजवाहिन्या यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्याच वर्षी या उद्यानाचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही अधिसूचित झालं. म्हणजे कुणाला माहीत नव्हतं असं आता म्हणता येणार नाही. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल फक्त स्वतःच्या परिणामाचं मोजमाप करतो. बोगद्याचा अहवाल मेट्रो मोजत नाही, मेट्रोचा अहवाल रुंदीकरण मोजत नाही. भेकराला मात्र सगळं एकाच रात्री ओलांडायचं असतं.

एका मोरीचं काम

वनखात्याची परवानगी घेऊन, वनरक्षकांसोबत, आम्ही काही ठाणेकरांनी या पट्ट्यातली एक मोरी दत्तक घेतली. कुठली ते लिहीत नाही, लोक बघायला जातील.

मोरी चौकोनी, माणूस सरळ उभा राहील एवढी. पाण्याच्या हिशेबाने ठणठणीत. जनावराच्या नजरेने तपासली तेव्हा तीन दोष सापडले, आणि तिन्ही दोष घाटातल्या जवळजवळ प्रत्येक मोरीला असतात. डोंगराच्या बाजूला पाणी गोळा करणारा खड्डा असतो, त्याला आम्ही कॅचपिट म्हणतो. तो उभ्या भिंतींचा, कमरेइतका खोल. साळिंदर किंवा भेकराचं पिल्लू त्यात पडलं तर वर येत नाही. खाडीच्या बाजूला पाण्याने पायाखालची माती खणून नेली होती आणि मोरीचं तोंड छातीएवढ्या उंचीवर लटकत होतं. बाहेर पडणाऱ्याला उडी, येणाऱ्याला चढणच नाही. आणि दोन्ही तोंडांशी राडारोडा, थर्माकोल, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिक. त्यावर कुत्री.

पहिल्या दिवशी वनरक्षक मला म्हणाले, "मॅडम, एवढं साफ करून काय होणार? वरून परत टाकतील." त्यांचं खरं होतं. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा टाकलं. मग कठड्याच्या वर जाळी आली आणि रात्रपाळीच्या गस्तीत ती जागा धरली, तेव्हा थांबलं.

खड्ड्याच्या एका भिंतीला दगड रचून उतार केला. खालच्या तोंडाशी मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर माती असा चढ बांधला, सिमेंट न वापरता, म्हणजे पाणी त्यातून झिरपतं आणि चढ वाहून जात नाही. मोरीच्या आत एका कडेला हातभर रुंदीची दगडी पट्टी उंच केली. पावसात तळातून पाणी वाहत असलं तरी तिथून पाय न भिजवता जाता येतं. दोन्ही तोंडांच्या पुढे करंज आणि उंबराची रोपं, मध्ये कळक. कुठलंही यंत्र लागलं नाही. पाड्यावरच्या सहा जणांची आठ दिवसांची मजुरी आणि आमचे शनिवार-रविवार.

पहिला पावसाळा गेला. गाळ बसला. मोरीच्या तळाशी तो तव्यावरच्या पिठासारखा गुळगुळीत झाला. ऑक्टोबरात वनरक्षक आणि मी टॉर्च घेऊन आत गेलो. मुंगसाचे ठसे, उदमांजराचे ठसे, कुत्र्याचे अगदी तोंडापाशी दोन-चार. दगडी पट्टीवर साळिंदराचा एक काटा पडलेला. बिबट्याचा एक ठसा होता, जुना, कडा ढासळलेला, खाडीकडे तोंड केलेला. भेकराच्या खुराचा एकही नव्हता. आम्ही दोघं पुन्हा पुन्हा टॉर्च फिरवत शोधत राहिलो.

करंज आता गुडघ्याच्या वर आला आहे. आडोसा व्हायला त्याला अजून दोन पावसाळे हवेत. जाळरेषेचं काम डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि शेजारच्या मोरीच्या कॅचपिटला त्याआधी दगडांचा उतार करायचा आहे.